चिठ्ठी नसलेला गुलाब

सन तीसच्या फाल्गुनात जबलपुरात अशी वेळ आली होती की अंबादासराव चांदूरकर समोरून येताना दिसले की ओळखीचे लोक गल्ली बदलायचे. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात, पान-तंबाखूचंही व्यसन नाही. पण कोटाच्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक फूल असायचं, आणि भेटेल त्याला थांबवून ते फडकं उलगडायचे. "जरा पाहून सांगा बरं, हा कोणता गुलाब?"

आता लोकांनी काय सांगावं? बड्या फुहाऱ्याच्या चौकातला कापडवाला शेठ म्हणाला, "गुलाब है बाबूजी, और क्या है!" शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि 'पांढरा' असा निकाल दिला. एका वैद्यानं तर फुलाचं नाव राहिलं बाजूला, अंबादासरावांचीच नाडी पाहिली. तरी हे गृहस्थ हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताजं फूल, ताजं फडकं, तोच प्रश्न.

त्याला कारण होतं. अंबादासरावांची सारी नोकरी कचेरीच्या रेकॉर्डखान्यात गेली. एकतीस वर्षं त्यांनी कागदांचे बस्ते बांधले आणि प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी लावली. गाव, साल, नंबर. कुठं चिठ्ठी गळून पडलेला बस्ता हाती आला तर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. तो बस्ता सोडून, एकेक कागद वाचून, त्याला त्याचं नाव परत मिळवून द्यायचे तेव्हा कुठं घरी यायचे. आणि आता पेन्शन घेऊन घरी बसल्यावर त्यांच्याच परसात, त्यांच्याच बायकोच्या हातचं एक झाड उभं होतं, आणि त्याला चिठ्ठी नव्हती.

बायको म्हणजे भानुमतीबाई. अडीच वर्षांपूर्वी अश्विनात तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. दीक्षितपुऱ्यातल्या त्या तीन खोल्यांत आधी अंबादासरावांची आई होती, धाकटा भाऊ रामकृष्ण होता, येणारे-जाणारे होते. मग आई गेली, भाऊ नोकरीवर नागपूरला गेला, आणि शेवटी राहिले ते दोघं. दोघं राहिले तरी बोलण्याची सवय कुणाला होती? आईच्या राज्यात चारचौघांत बायकोकडे मान वर करून पाहणंसुद्धा निर्लज्जपणाचं. पाणी हवं असेल तर भिंतीला सांगायचं, "जरा पाणी मिळेल का?" आणि भिंतीआडून तांब्या यायचा. आई गेली तरी ती सवय गेली नाही. अंबादासराव भिंतीलाच सांगत राहिले.

दहाव्याला नर्मदेकाठी ग्वारीघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. वर झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, पण एक म्हणून खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "बाईंच्या मनात काही राहिलं असेल, ते बोला. सांभाळीन म्हणा." अंबादासराव पिंडासमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांना एक शब्द सुचेना. हिच्या मनात काय राहिलं असेल? हिला काय आवडायचं? गोड की तिखट, काशी की रामेश्वर, कोणता रंग, काही म्हणजे काही ठाऊक नाही. तीस वर्षांच्या संसाराचा बस्ता उघडला आणि आत कोरे कागद निघाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मागून रामकृष्ण हळूच म्हणाला, "दादा, वहिनीचा गुलाब. गुलाबाचं बोला."

"तुझा गुलाब मी सांभाळीन," अंबादासराव बोलले. आणि काय योगायोग म्हणा, कावळा उतरला.

झालं, तेव्हापासून माणूस त्या गुलाबाला बांधला गेला. ज्याला आयुष्यात तुळशीला पाणी घालायचं ठाऊक नाही, तो सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन परसात. पुढच्या उन्हाळ्यात झाड वरून वाळायला लागलं. ह्यांचा जीव खालीवर. पण पाहतात तर बुडापासून हिरवेगार, जोमदार फोक फुटून राहिलेले! अंबादासरावांनी सुताराकडून कात्री आणली, वरची वाळकी काडी बुडाशी छाटून टाकली आणि फोकांना मोकळं केलं. पुढच्या माघात झाड असं माजलं की भिंतीवर चढलं, आणि फाल्गुनात सुपारीएवढ्या पांढऱ्या फुलांचे झुबकेच झुबके लागले. त्या दिवशी अंबादासराव एकटेच परसात उभं राहून रडले. सांभाळलं म्हणाले, सांभाळलं बरं मी तुझं झाड. आता ह्याचं नाव तेवढं मिळालं, एक पत्र्याची चिठ्ठी करून फांदीला बांधली, की काम पुरं झालं.

पण नाव मिळेना. आणि त्यात रामकृष्णाचं नागपुराहून कार्ड आलं. दादा, नाव मला ठाऊक नाही, पण फूल तांबडं होतं, चांगलं मोठं होतं.

तांबडं? अंबादासराव कार्ड घेऊन शेजारच्या इंदिराबाईंकडे गेले. सत्तरीच्या इंदिराबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र लखलखीत.

"तांबडं? काही तरीच! पिवळं होतं," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि काहून हो भाऊ, तुमच्या परसातलं फूल, तुम्ही आम्हाला विचारून राहिले? तुम्हाला डोळे नव्हते काय?"

अंबादासराव कार्ड खिशात घालून घरी आले. डोळे होते. पण फूल निघायचं पहाटे, देवाला जायचं, आणि हे उठायचे ते थेट आंघोळ, पूजा, जेवण, कचेरी. देवापुढं बसून मंत्र म्हणताना समोर फूल असायचं, त्याला काही रंग असतो हे कधी ध्यानात आलं नाही. ते आठवून आठवून थकले. तांबडं आठवेना, पिवळंही आठवेना. आणि झाडावर तर पांढरं.

तेव्हा त्यांनी सिव्हिल लाइनीतल्या एका बंगल्यावरच्या गणपत माळ्याला बोलावणं पाठवलं. गणपत मूळचा भंडाऱ्याकडचा, गुलाबात केस पिकलेला. आला, झाडाकडे एकदा पाहिलं, आणि फुलांकडे न पाहता उकिडवा बसून बुडाशी माती उकरायला लागला.

"बाबूजी, हे कुणी कापलं?"

"मी. वाळून राहिलं होतं ना."

"अरे रे." गणपतनं बोटानं एक वाळका खुंट दाखवला. अंगठ्याएवढी गाठ, तिच्यावर कात्रीचा सपाट घाव. "हे पाहा जी. नर्सरीवाले चांगला गुलाब त्याच्या मुळावर नाही लावत. खाली जंगली खोड असते. त्याला चीर द्यायची, चांगल्याचा डोळा आत बसवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचा. डोळा फुटला की वरचं जंगली छाटून टाकायचं. पण जंगली ते जंगली, खालून फूट काढतेच. ती रोजच्या रोज खुडावी लागते. बाई खुडत असतील."

"माहीत नाही," अंबादासराव म्हणाले.

"खुडत असतीलच, म्हणून तर इतकी वर्षं टिकला. बाबूजी, तुम्ही खालचं ठेवलं आणि वरचं कापलं. हा तुमचा भिंतीवरचा जो आहे ना, तो कोणताच गुलाब नाही जी. कुंपणाला लावतात तो जंगली. याला काय नाव असणार?"

अंबादासराव खाटेवर जाऊन बसले. हातातली पत्र्याची पट्टी, जिच्यावर नाव कोरून घ्यायचं होतं, ती त्यांनी खाली ठेवली. घाटावर हात जोडून वचन दिलं होतं, आणि स्वतःच्या हातानं सहा महिन्यांत बायकोचं झाड मारलं होतं. वर जवळजवळ दोन वर्षं भलत्यालाच पाणी घालून त्याचं कौतुक केलं होतं, गावभर मिरवलं होतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती वाटली. हे झाड तेवढं एक होतं जे तिचं म्हणून राहिलं होतं. आता काय राहिलं?

गणपतला कीव आली. हात झटकत म्हणाला, "बाईंनी कुणाला काडी दिली होती काय? काडीवर लावलेलं असेल तर त्याच्यात जंगली काही नसते. मुळापासून शेंड्यापर्यंत सारं बाईंचंच."

अंबादासराव पुन्हा इंदिराबाईंच्या दारात.

"काडी? अहो, साऱ्या आळीला दिली!" इंदिराबाई म्हणाल्या. "ज्या साली इन्फ्लुएंझा आला, त्या सालची संक्रांत. घरोघर माणसं गेली होती, वाण आणायला बाजारात जायचा कुणाला हुरूप नव्हता. तर तुमच्या भानुमतीनं कार्तिकातच बोळक्यांत गुलाबाच्या काड्या खोचून ठेवल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकेकीच्या ओटीत एकेक बोळकं. म्हणे, यंदा जगणारं वाण लुटू. अच्छा, तुम्हाला हेही ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. बायकांच्या हळदीकुंकवाला पुरुषमाणूस घराबाहेर असतो. त्या दिवशी ते बहुधा कचेरीतच उशिरापर्यंत बसले असतील.

मग सुरू झाली ती शोभायात्रा. पंचावन्न वर्षांचा पेन्शनर, हातात इंदिराबाईंनी सांगितलेल्या दहा घरांची यादी, आणि दारोदार जाऊन विचारतो आहे की अकरा-बारा वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी तुमच्याकडे दिलेलं संक्रांतीचं वाण आहे का! कुणी दाराआडून हसलं. एकीची काडी बकरीनं खाल्ली होती, एकीच्या घराला नवी भिंत घातली तेव्हा गेली. एकीला भानुमतीच आठवेना. आता मिलोनीगंजात राहायला गेलेली एक म्हातारी मात्र फार चांगलं बोलली. आत बसवलं, चहा दिला, आणि म्हणाली, "माझं मेलं हो. मीच तुमच्याकडे पुन्हा काडी मागायला येणार होते." अंबादासराव तो चहा अर्धाच टाकून उठले.

दहाही घरं झाली. यादीतल्या दहाही नावांवर काट मारून ते इंदिराबाईंसमोर बसले. म्हातारीनं बोटांवर घरं पुन्हा मोजली.

"अकरावी एक होती," ती म्हणाली. "राधा. तुमच्या मागच्याच घरात राहायची. वाण घेऊन गेली, आणि पुढच्याच चैत्रात तिचा नवरा गेला. मग तिला हळदीकुंकवाच्या बायकांत कशी मोजायची? म्हणून नाही बोलले मी. भावाकडे असते, शहपुऱ्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अंबादासराव शहपुऱ्याला उतरले. गव्हाच्या कापणीचे दिवस, गावात माणूस नाही. विचारत विचारत घर सापडलं. राधाबाई विहिरीपाशी धुणं धूत होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, केस पांढरे. त्यांनी अंबादासरावांना लगेच ओळखलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"चांदूरकर भावजी! भानुमती बरी आहे ना?"

इथपर्यंत बातमीच आली नव्हती. अंबादासरावांनी सांगितलं. राधाबाईंनी हातातलं धुणं खाली ठेवलं आणि विहिरीच्या काठावर बसून रडल्या. कितीतरी वेळ रडल्या. भानुमतीसाठी असं कुणाला रडताना अंबादासरावांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपण असे रडलो नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि ते खाली पाहत उभे राहिले.

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. राधाबाई डोळे पुसून उठल्या. "या," म्हणाल्या, आणि गोठ्याच्या मागं घेऊन गेल्या.

पुरुषभर उंचीचा गुलाब होता. फुलं मोठी, थोडी मान टाकलेली, आत पिवळसर आणि कडेला गुलाबी, सायीवर केशराचं बोट फिरवावं तसा रंग. वास चहाच्या डब्याच्या झाकणाला येतो तसा मंद. दहा-बारा फुलं होती.

"मी तर काही घालत नाही डोक्यात," राधाबाई म्हणाल्या. "महादेवाला नेऊन देते रोज."

अंबादासराव फुलासमोर उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, खरं फूल समोर आलं की ओळख पटेल. बस्त्यातला एखादा कागद हाती लागावा आणि सारं प्रकरण आठवावं, तसं. ते वाट पाहत राहिले. जवळ गेले, वास घेतला, मागं सरून पाहिलं. काही नाही. हे फूल त्यांनी जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

"हाच?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! तुम्ही ओळखलं नाही?"

"नाही," अंबादासराव म्हणाले. खोटं बोलून काय करायचं होतं?

राधाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "असं कसं, भावजी? रोज तुमच्या आरशाखाली असायचं ना. कचेरीला जाताना तुम्ही पगडी नीट करायचे तो आरसा. त्याच्याखालच्या कोनाड्यात ती फुलपात्रात रोज एक फूल ठेवायची. देवाला एक आणि तुम्हाला एक. सासूबाईंना म्हणायची, कोनाडा ओका दिसतो म्हणून."

अंबादासरावांना फुलपात्र आठवलं. पितळेचं, काठावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. चष्म्याची डबी ठेवायला ते आड यायचं, म्हणून ते रोज बोटानं बाजूला सारायचे. बाजूला सारताना पाणी सांडायचं तेही आठवलं. त्यात काय होतं ते आठवलं नाही.

"याचं नाव काय होतं, राधाबाई?" त्यांनी विचारलं. "ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही हो. आम्ही दोघींनीच तर घेतला होता हा, फुहाऱ्यापाशी एक नर्सरीवाला गाडी घेऊन आला होता त्याच्याकडून. पत्र्याची चिठ्ठी होती फांदीला, इंग्रजीत. भानुमतीनं ती मिशनच्या बाईंकडून वाचून घेतली, एकटी जाऊन. मग चिठ्ठी काढून टाकली. मी म्हटलं, अगं, काहून काढली? तर हसायला लागली." राधाबाईंनी पदर सावरला. सांगावं की नाही, असं त्यांना झालं असावं. "म्हणाली, चिठ्ठी असली तर ते वाचतील आणि पुढं जातील. नसली तर एक ना एक दिवस विचारतील, हे कोणतं फूल गं? तेव्हा सांगीन. त्यांच्याआधी कुणाला नाही सांगणार. मला पण नाही सांगितलं हो तिनं, इतकी मी मागं लागले तरी. दर दोन-चार दिवसांनी मी भिंतीवरून विचारायची, विचारलं का गं? ती मान हलवायची. मोठी थट्टा होती आमची ती."

"किती दिवस?" अंबादासरावांनी विचारलं.

"मी होते तोवर तर रोज ठेवायची. पुढचं तुम्हाला ठाऊक."

फुलपात्र शेवटपर्यंत तिथं होतं. ती तापानं आडवी पडली त्या दिवशी पहिल्यांदा तिथं नव्हतं, आणि चष्म्याची डबी ठेवायला जागा झाली म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

राधाबाईंनी गेल्या पावसाळ्यात कुंडीत लावलेली एक काडी जगली होती, ती त्यांनी दिली. अंबादासरावांनी ती मांडीवर घेऊन गाडीत बसून घरी आणली. भिंतीवरचा जंगली गुलाब गणपतकडून मुळासकट काढवला आणि त्याच जागी ही लावली. ह्या वेळी खत कधी, पाणी किती, सारं विचारून विचारून केलं. रस्त्यात लोकांना थांबवणं मात्र बंद झालं. लोकांना वाटलं, सुटला बिचारा त्या नादातून.

मार्गशीर्षात पहिलं फूल आलं. गणपत सहज डोकावायला आला होता. त्यानं फूल पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! हा होता काय तो! बाबूजी, हा तर मी ओळखतो जी. आमच्या जुन्या साहेबाच्या बंगल्यावर दोन होते याचे. याचं नाव..."

"नको," अंबादासराव एकदम म्हणाले. हात वर केला. "नको गणपत, सांगू नको."

"पण तुम्हीच तर सालभर..."

"हो. पण तुझ्याकडून नको रे. जिच्याकडून ऐकायचं होतं तिला विचारलं नाही मी."

गणपतला काही कळलं नाही. पेन्शनरांचं डोकं असंच, असं म्हणत हात धुऊन तो निघून गेला. अंबादासरावांनी फाटक लावलं. परसात येऊन ते झाडासमोर उकिडवे बसले, चष्मा पुसला, आणि ज्या बायकोला सबंध संसारात त्यांनी एकदाही नावानं हाक मारली नव्हती, तिचं नाव घेऊन मोठ्यानं विचारलं, "भानुमती, हे कोणतं फूल गं?"

परसात कुणीच नव्हतं. तरी ते बराच वेळ तसेच बसून राहिले, उत्तर येईल म्हणून.